लहान बाळ, गरम दूध आणि प्लास्टिक : आपल्या बेळगाव भागातल्या घरात आधी काय बदलायचं?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. मुलगी सात महिन्यांची झाली. जूनपासून मला शाळेवर हजर व्हायचंय, म्हणजे दिवसभर ती आजीकडं आणि बाटली आलीच. दुकानात गेले तर फळीभर प्लास्टिकच्या बाटल्या, प्रत्येकीवर 'बीपीए फ्री' छापलेलं. त्यातच पुण्याच्या बहिणीनं एक बातमी पाठवली, बाळाच्या बाटलीतून दुधात लाखोंनी मायक्रोप्लास्टिकचे कण उतरतात म्हणून. तेव्हापासून घरात जिकडं बघावं तिकडं प्लास्टिकच दिसतंय: रांगायची चटई, पाण्याचा कॅन, डाळ-रव्याचे डबे, खुळखुळा, पलंगावरची चादरसुद्धा.

सगळं एकदम टाकून देणं परवडणार नाही आणि सासूबाईंच्या गळीही उतरणार नाही. म्हणून विचारते, आधी कशाला हात घालायचा, नंतर कशाला, आणि काय आहे तसं राहू दिलं तरी चालेल? बहुतेक ठिकाणी एअर प्युरिफायर नि महागड्या काचेच्या सेटची यादी दिलेली असते. आमच्याकडं नळाला दिवसाआड पाणी, चार महिने पाऊस, न्हाणीत चूल. इथल्या घराला धरून कुणी सांगेल का?

टिळकवाडीकर

ताई, मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून बाटलीचंच आधी सांगतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. त्याहून बारीक, एका मायक्रॉनच्याही खालचा, तो नॅनोप्लास्टिक. 'बीपीए फ्री' या शिक्क्याचा या कणांशी संबंध नाही. बीपीए हे पॉलीकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकमधलं रसायन. आता बाजारातल्या बहुतेक बाटल्या पॉलिप्रोपिलीनच्या असतात, त्यात बीपीए नसतंच. पण कण सुटतात ते याच पॉलिप्रोपिलीनचे.

तुमच्या बहिणीनं पाठवलेली बातमी बहुधा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या अभ्यासाची असणार. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. आई जशी पावडरचं दूध करते तसंच त्यांनी केलं: बाटली उकळली, गरम पाणी घातलं, हलवलं. लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत कण मिळाले. मला त्यातला महत्त्वाचा वाटला तो तापमानाचा भाग. पाणी २५ अंशांचं असताना लिटरला सुमारे ६ लाख कण, आणि ९५ अंशांचं असताना साडेपाच कोटी. बाटली तीच, पाणी मात्र तापलेलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गरम पदार्थ आणि प्लास्टिक यांची गाठ पडू द्यायची नाही. घरात एवढी एक गोष्ट पाळली तरी मोठा भाग आवरला, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

त्या संशोधकांनीच पद्धत सांगितली आहे. पावडरचं दूध स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात करायचं, कोमट होऊ द्यायचं आणि मग बाटलीत ओतायचं. बाटली उकळून घेतल्यावर, स्टीलच्या भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्यानं तीनदा विसळायची. दूध भरल्यावर घुसळल्यासारखी जोरात हलवायची नाही. आणि पावडरसाठी पाणी मात्र ७० अंशांच्या खाली नेऊ नका. पावडर जंतुमुक्त नसते, त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं ती मर्यादा घातली आहे. प्लास्टिकला घाबरून गार पाण्यात पावडर कालवली तर जुलाबाचं संकट ओढवून घ्याल.

मायक्रोवेव्ह असेल तर त्यात बाळाचं अन्न प्लास्टिकच्या डब्यातून ठेवू नका. नेब्रास्का विद्यापीठाच्या २०२३ च्या प्रयोगात काही डब्यांतून तीन मिनिटांत दर चौरस सेंटिमीटरला ४२ लाखांवर मायक्रोप्लास्टिक आणि २११ कोटी नॅनोप्लास्टिक कण सुटले होते.

निपाणीची_माई

लेकी, बाटलीच कशाला गं? आमच्या येळला बोंडलं हुतं, चोचीची वाटी. चांदीचं नसंल तर स्टीलचं घ्यायचं, मांडीवर आडवं धरून तोंडाच्या कडेनं दूध सोडायचं. नायतर वाटी-चमचा. माझी चारी पोरं वाटी-चमच्यावरच वाढली. जरा येळ लागतोय, आजीला सवड पायजे एवढंच. खरं बाळ एकदा शिकलं की भराभर पितंय.

आणि दूध पितळेच्या भगुल्यात तापवा, पाणी तांब्याच्या घागरीत ठेवा. प्लास्टिक नव्हतंच तवा. जुनी भांडी माळ्यावर पडून असतील ती काढा खाली.

चिकोडी_बालरोग

माईंचा पहिला सल्ला सोन्यासारखा आहे. वाटी-चमचा, बोंडलं किंवा लहान स्टीलचं फुलपात्र, यातलं काहीही बाटलीपेक्षा बरं. बूच, रबर, सांदी-कोपरे असं काही नसल्यानं ते स्वच्छ ठेवणं सोपं, म्हणून आम्ही डॉक्टर मायक्रोप्लास्टिकची चर्चा नव्हती तेव्हापासून हेच सांगत आलोय. बाटलीची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानंच बंदी आहे. सात महिन्यांचं मूल आठवडा-पंधरवड्यात वाटीनं प्यायला सहज शिकतं. मलप्रभाताई, तुम्हाला जूनपर्यंत वेळ आहे, आतापासूनच आजीच्या हातून एक वेळचं दूध वाटीनं द्यायला लागा.

दुसऱ्या सल्ल्याबाबत मात्र थांबा. लहान बाळाचं दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवू नका, ठेवूही नका. १९८० च्या दशकापर्यंत आपल्याकडं एक ते तीन वर्षांची मुलं यकृताच्या एका आजारानं दगावायची. 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस' म्हणतात त्याला. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं घट्ट व्हायचं, आणि बहुतेक मुलं वाचायची नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा त्या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड प्रमाणात आढळलं आणि धागा पोचला पितळ-तांब्याच्या भांड्यातल्या वरच्या दुधापर्यंत. घराघरांत स्टील आलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. माझ्या शिक्षकांनी असे वॉर्ड पाहिले होते. त्यामुळं प्लास्टिक नको म्हणून पितळेकडं परत जायचं नाही. स्टील घ्या, काच घ्या.

अंगावरच्या दुधाबद्दल कुणी विचारायच्या आधीच सांगतो. इटलीत २०२२ मध्ये ३४ मातांचं दूध तपासलं, त्यातल्या २६ जणींच्या दुधात कण सापडले. ही बातमी वाचून पाजणं बंद केलेली एक आई माझ्याकडं आली होती. कृपया असं करू नका. आईच्या दुधाचे फायदे पक्के सिद्ध झालेले आहेत, आणि कणांचं म्हणाल तर पावडर, बाटली, पाणी यांतून ते येतातच. दोन वर्षांपर्यंत पाजा. शाळेत जाताना दूध काढून ठेवणार असाल तर झाकणाच्या स्टीलच्या वाटीत काढा. आपल्याकडच्या हवेत बाहेर चार तास, फ्रिजमध्ये २४ तास, त्यापुढं नाही. गरम करायचं तर वाटी कोमट पाण्यात ठेवायची, गॅसवर नाही.

निपाणीची_माई

डॉक्टर, आमच्याकडं कल्हईवाला दारात यायचा, भाता लावून भांडी चकचकीत करून द्यायचा. बिनकल्हईचं भांडं दुधाला कोण लावत नव्हतं. आता कल्हईवालाच ऱ्हायला नाही, तवा तुमचं स्टीलचं खरं.

हिरण्यकेशीकाठ (संकेश्वर)

पाण्याचं विचारायचं होतं. आमच्या गावात शुद्ध पाण्याचं घटक बसवलंय, नाणं टाकलं की कॅन भरून मिळतो. बोअरचं पाणी इतकं जड की भगुल्याला पांढरा थर धरतो, म्हणून सगळा गाव तिथलंच पितो. पण कॅन तोच, वर्षानुवर्षं वापरून आतून खरवडलेला, आणि उन्हात सायकलच्या कॅरिअरवर बांधलेला. मुलगा दीड वर्षाचा आहे. त्याला बाटलीबंद पाणी द्यावं का?

टिळकवाडीकर

बाटलीबंद पाणी नको. कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बाटलीबंद पाण्यात लिटरला सरासरी २ लाख ४० हजार कण मोजले, त्यातले ९० टक्के नॅनो आकाराचे. पैसे देऊन तेच घरात आणायचं.

घटकातल्या आरओच्या पडद्यातून कण पार होत नाहीत, पाणी चांगलंच असतं. पुढं कॅनमध्ये ते किती वेळ राहतं हा प्रश्न. घरी आणल्याबरोबर स्टीलच्या पिंपात किंवा माठात ओता. कॅन फक्त वाहतुकीपुरता ठेवा, सावलीत ठेवा, आणि तारेच्या घासणीनं आतून घासू नका. खरवडलेला असेल तर आता बदला.

तुमच्या त्या पांढऱ्या थराचा मात्र एक उपयोग आहे. चीनमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की जड पाणी उकळलं की त्यातला चुना खाली बसताना प्लास्टिकचे कण स्वतःत गुरफटून घेतो. लिटरला ३०० मिलिग्रॅम इतकी जडता असलेल्या पाण्यातले जवळजवळ ९० टक्के कण असे निघाले. मऊ पाण्यात, म्हणजे ६० मिलिग्रॅमच्या खाली, फक्त २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या काळ्या रानातल्या बोअरचं पाणी प्यायची वेळ आलीच तर पाच-दहा मिनिटं उकळा, झाकून निवू द्या, तळ न ढवळता वरचं पाणी सुती धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. तळातला गाळ टाकून द्या. खानापूर-जांबोटीकडच्या तांबड्या मातीतलं पाणी मऊ, तिथं हा लाभ कमी. पण उकळणं सोडू नका, कारण ते जंतूंसाठी आहे, आणि पावसाळ्यात लहान मुलांना खरा धोका जंतूंचाच.

आरओ घ्यायची घाईही नको. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर भारतीय मानकाप्रमाणं क्षारांच्या बाबतीत पाणी पिण्यायोग्यच असतं. राकसकोप-हिडकल धरणांचं नळाचं पाणी येणाऱ्या घरात आरओ बसवून अर्धं पाणी मोरीत सोडण्यात अर्थ नाही.

खानापूरच्या लोकांना माठाचं वेगळं सांगायला नको. कुंभारकामाचं केंद्र सरकारचं प्रशिक्षण केंद्र तुमच्याच गावात आहे. फक्त आतून रंग किंवा चकाकी दिलेला माठ पाण्याला घेऊ नका, साधा भाजलेला घ्या.

येळ्ळूरची_सूनबाई

मला बाहेरच्या खाण्यावर लिहायचंय, कारण आमच्या घरात प्लास्टिकमधलं सर्वांत गरम अन्न हॉटेलातून येतं. सकाळी घाई असली की नवरा पार्सल इडली आणतो. सांबार उकळतं, ते थेट पातळ पिशवीत ओतून वर दोरा गुंडाळलेला. पिशवी हातात धरवत नाही इतकी गरम. आणि तेच सांबार दोन वर्षांच्या पोराच्या इडलीवर.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकाच्या आरोग्यमंत्र्यांनी, दिनेश गुंडूराव यांनी, हॉटेलात इडली वाफवताना पात्रावर प्लास्टिकचा कागद घालायला बंदी केली. पूर्वी सुती कापड घालायचे, त्याची जागा या कागदानं घेतली होती. म्हणजे वाफेत प्लास्टिक आणि त्यावर पीठ. ही बातमी वाचल्यावर मी आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन विचारलं. मालक कन्नड, मी मराठी, पण लहान मुलाचं म्हटल्यावर त्यांनी स्वतः आत नेऊन दाखवलं. कापडच होतं. त्यानंतर आम्ही दोन कप्प्यांचा डबा घेऊन जातो, सांबार डब्यात. पहिल्यांदा संकोच वाटतो. चार जणी डबा घेऊन गेल्या की हॉटेलवाल्यालाही सवय होते, त्याची पिशवीही वाचते.

कागदी कपाचंही लक्षात ठेवा. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीनं २०२० मध्ये १०० मिली गरम पाणी त्यात १५ मिनिटं ठेवून पाहिलं, सुमारे २५ हजार कण उतरले. लग्नात, बारशाला लहान मुलांना मसाला दूध त्याच कपातून देतात. आमच्या महिला मंडळानं स्टीलचे पेले विकत घेऊन ठेवलेत, गावात कुणाचंही कार्य असलं तर भाड्याशिवाय देतो, धुऊन परत आणायचे एवढीच अट.

आणखी एक. कुरडयांचा गरम चीक गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर घालतो आपण, आणि वर एप्रिल-मेचं ऊन. जुनी सुती साडी किंवा धोतर अंथरा. कुरडई चिकटते अशी तक्रार असते, तर कापड आधी ओलं करून घट्ट पिळा, आणि सुकल्यावर मागच्या बाजूनं पाण्याचा हात फिरवला की सुटून येते.

मलप्रभाकाठ (खानापूर)

किती उपयोगी लिहिताय सगळे! वाटी-चमच्याचं आजच सुरू केलं. आईला (म्हणजे सासूबाईंना) माईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांनी लगेच माळ्यावरून बोंडलं काढलं. ते चांदीचं निघालं, चालेल ना?

आता जमिनीवरचं विचारते. मुलगी दिवसभर खाली. प्लास्टिकची चटई टाकू का? फोमची तुकडे जोडायची रंगीत चटई चांगली का? आणि खेळणी? दात येतायत, हाताला लागेल ते तोंडात.

चिकोडी_बालरोग

चांदीचं चालेल, उकळून घ्या, चोचीच्या आत बाटलीचा ब्रश फिरवा.

जमिनीचा प्रश्न दुधाइतकाच मोठा आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२१ मध्ये बाळांच्या आणि मोठ्यांच्या शीची तुलना केली. सहा बाळं, दहा मोठी माणसं, म्हणजे अभ्यास लहानच. पण बाळांच्या शीमध्ये पीईटी या प्लास्टिकचं प्रमाण मोठ्यांच्या दहापटीहून जास्त होतं. पीईटी म्हणजे पॉलिस्टरच, कपड्यातलं आणि गालिच्यातलं. बाळ रांगतं, ओल्या हाताला धूळ चिकटते, हात तोंडात जातो. त्याचं नाक जमिनीपासून वीतभर वर असतं, आपलं पाच फुटांवर.

त्यामुळं झाडूपेक्षा ओलं फडकं महत्त्वाचं. फुलझाडूनं झाडलं की बारीक धूळ वर उडते आणि तासाभरानं पुन्हा खाली बसते, नेमकी बाळाला खाली सोडायच्या वेळी. आधी ओल्या सुती फडक्यानं पुसून घ्या, कोपऱ्यातला केरही ओला करून उचला. जेवणाआधी बाळाचे हात साबणानं धुवा. एवढ्यानं शिशाची धूळ, जंतू, जंतांची अंडी यांचंही काम होतं, म्हणून मी हे प्रत्येक आईला सांगतो.

गोकाक_गल्ली

चटईबद्दल. आमच्या गच्चीवर एक प्लास्टिकची चटई आहे, दोन उन्हाळे काढलेली. काल तिची कड तळहातावर घासून बघितली. हिरवी पूड उमटली, बोटांच्या रेघांत जाऊन बसली, पाण्यानं निघेना, साबण लावावा लागला. ऊन लागलेलं पॉलिप्रोपिलीन असंच ठिसूळ होऊन झडतं. नवीन चटई घरात सावलीत वापरली तर तेवढी झडत नाही, पण कड सुटलेली, पांढुरकी पडलेली चटई बाळाखाली नको. त्यापेक्षा वाकळ घाला, जुन्या सुती लुगड्याची. गोधडी शिवणाऱ्या बायका अजून गावोगाव आहेत, फक्त कापड सुती आहे का ते बघून द्या, हल्ली जुन्या साड्या म्हणजे बहुतेक सिंथेटिकच असतात. फोमची चटई मऊ असते खरी, पण बाळ तिचे कोपरे चावून तुकडे पाडतं.

खेळण्यांचं. आमच्या गोकाकची लाकडी खेळणी आणि रंगवलेली फळं प्रसिद्ध आहेत, मला अभिमान आहे. तरी दात येणाऱ्या बाळाच्या तोंडात रंगवलेलं काहीही देऊ नका, रंगात काय आहे हे विचारल्याशिवाय तर नाहीच. ती शोकेसला, किंवा मूल चार-पाच वर्षांचं झाल्यावर. चावायला बिनरंगी लाकूड, नाहीतर चन्नपट्टणची लाखेचा रंग दिलेली. कारागिराकडून घेताना विचारा. प्लास्टिकचं घ्यायचंच तर आयएसआय शिक्का बघा, २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. जत्रेतलं झटकन तुटणारं, वास मारणारं खेळणं नको. आणि सर्वांत स्वस्त म्हणजे स्टीलची वाटी, पळी, लाकडी लाटणं. आमची धाकटी त्यातच रमते.

येळ्ळूरची_सूनबाई

लंगोट की डायपर? पावसाळ्यात खानापूरला कपडे वाळत नाहीत, हे मलप्रभाताईंना विचारायला नको.

चिकोडी_बालरोग

डायपरची काळजी या यादीत तळाला ठेवा. कण तोंडातून किंवा श्वासातून जाणं हा आपला विषय आहे. ओला लंगोट घालण्यापेक्षा कोरडा डायपर बरा. दिवसा लंगोट, रात्री डायपर असं केलं तरी छान. लंगोट-झबली वाळवताना एक पाळा: पॉलिस्टरचे कपडे आणि ब्लँकेट बाळाच्या खोलीत दोरीवर वाळत घालू नका, वेगळ्या खोलीत घाला आणि जमेल तेव्हा खिडकी उघडा.

त्याहून गंभीर गोष्ट कुणी काढली नाही म्हणून मी काढतो. न्हाणीतली चूल पेटवायला दुधाच्या पिशव्या, टायरचे तुकडे, रबरी चपला घालतात. बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवायलासुद्धा. तो धूर कोंदट न्हाणीत राहतो आणि तिथंच बाळाला न्हाऊ घालतात, शेकही देतात. दम्याची, वारंवार खोकल्याची मुलं माझ्याकडं अशा घरांतून येतात. प्लास्टिक जाळणं आजच बंद करा. पेटवायला नारळाच्या शेंड्या, काटक्या, पाचट, कोरडी शेणी, काहीही चालेल.

वडगाव_माग

मी हा धागा सुरुवातीपासून वाचतोय, लिहायचं धाडस होत नव्हतं. आमच्या घरात पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम आहेत, मधल्या खोलीत आम्ही राहतो. वडगाव-खासबागात अशी शेकडो घरं. सध्या मागावर पॉलिस्टरचं सूत आहे, गिऱ्हाईक साडी स्वस्त मागतं, त्यामुळं इलाज नाही. नात अकरा महिन्यांची. माग चालू झाला की सुताची बारीक लव उडते, संध्याकाळपर्यंत बल्बवर, पंख्याच्या पात्यावर, देवाच्या फोटोवर दिसते. पाळण्याच्या दोरीवर हात फिरवला तर बोटाला मऊ पांढरं चिकटतं. डॉक्टर म्हणाले पीईटी म्हणजे पॉलिस्टर, ते वाचून छातीत धस्स झालं. माग बंद केला तर खायचं काय? नातीला कुठं ठेवायचं?

चिकोडी_बालरोग

काका, बरं झालं लिहिलंत. आधी मागावरच्या माणसांचं. अमेरिकेत १९९० च्या दशकात नायलॉनच्या बारीक लवीचं कापड करणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना फुप्फुसाचा आजार झाला होता, त्याची रीतसर नोंद आहे. ती माणसं पाळीभर त्या लवीत उभी असायची. तुमच्या नातीची गाठ तेवढ्या लवीशी पडत नाही, पण माग तिच्या घरातच आहे, म्हणून अंतर वाढवायचं.

मागाची आणि राहायची खोली यांच्यामधलं दार कामाच्या वेळी बंद हवं. दार नसेल तर जाड सुती पडदा, खालपर्यंत टेकणारा, आणि तो रोज ओला करून पिळून लावा. मागाच्या खोलीतला पंखा आत हवा ढकलत असेल तर त्याची दिशा बदला, बाहेरच्या भिंतीला हवा ओढून घेणारा पंखा बसवा. कांड्या भरायचं काम बाळ झोपतं त्या खोलीत करू नका. मागावरून उठल्यावर सदरा बदलून हात-तोंड धुऊन मगच नातीला घ्या. आणि तुम्ही स्वतः नाका-तोंडाला नुसता रुमाल न बांधता मास्क लावा. खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर तपासून घ्या, टाळू नका.

टिळकवाडीकर

काकांसाठी थोडी भर. सिडनीत २०२१ मध्ये ३२ घरांतली बसणारी धूळ गोळा केली होती, त्यात ३९ टक्के कण मायक्रोप्लास्टिकचे होते. गालिचा असलेल्या घरात सिंथेटिक धागे जवळजवळ दुप्पट. म्हणजे ज्या घरात मागच नाही तिथंही धुळीत हेच असतं. नियमित व्हॅक्यूम करणाऱ्या घरांत कण कमी निघाले. बसलेली धूळ उडू न देता उचलणं हा उपाय तुमच्याही हातात आहे. मागाखालची लव झाडूनं ढकलू नका, आणि मागावर हवेचा फवाराही मारू नका, त्यानं सगळी लव पुन्हा हवेत जाते. जुना व्हॅक्यूम क्लीनर स्वस्तात मिळतो, दोन-तीन घरांत मिळून एक घ्या.

मलप्रभाताई, तुम्ही क्रम विचारला होता. मी तुमच्या जागी असतो तर गरम दूध-अन्न स्टीलमध्ये हे आज, ओलं पुसणं उद्यापासून, पाणी साठवायचं पिंप या महिन्यात, चटई आणि खेळणी झिजतील तशी. डाळ-रव्याचे कोरडे डबे, बादल्या, कपाटं यांना हात लावायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात म्हटलंय की माणसाच्या आरोग्यावरचा नेमका परिणाम ठरवायला पुरावा अजून अपुरा आहे. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानंही २०२४ मध्ये भारतीय अन्नातल्या मायक्रोप्लास्टिकवर काम सुरू केलंय. तोवर फुकटात होणारे बदल करायचे आणि कर्ज काढून काही आणायचं नाही.

निपाणीची_माई

वडगावच्या भावा, पाळणा परसात नेता आला तर बघ. आमच्याकडं तंबाखूचा धस घरात असायचा, तवा सासू पोराला दिवसभर शेजारच्या सोप्यात ठेवायची. ज्याच्या घरात धूळ त्याचं पोर शेजाऱ्यानं सांभाळायचं, ह्यात लाजायचं काय?

वडगाव_माग

माई, शेजारच्या कन्नड आक्काला आजच विचारलं. त्यांच्या घरात माग नाही, सोपा मोठा आहे. त्या म्हणाल्या, सकाळी दहा ते पाच नात इकडंच सोडा, आमच्या पोरीलाही सोबत होईल. स्टीलची वाटी-चमचा आणि सुती वाकळ सोबत देणार आहे. पंखा बाहेरच्या भिंतीला काढायला गवंडी रविवारी येतोय. पडद्याचं मांजरपाट मुलगा घेऊन आलाय, सून शिवायला बसली आहे. खाली जमिनीला किती टेकवायचा, एक वीत जास्त ठेवू का?

चिकोडी_बालरोग

वीतभर ठेवा, आणि खालच्या कडेत वाळूची बारीक पुरचुंडी शिवा, म्हणजे पंख्याच्या ओढीनं उचलणार नाही. दोन पडदे शिवा, एक धुवायला पडला की दुसरा लावता येईल.